शेवंतीवरचा तांबेरा

२२ सप्टें. ९९
शेवंतीचं पान उलटलं. खाली तपकिरी फोड, बोटाला गंजासारखी भुकटी. तांबेराच. अण्णा म्हणाले, "उद्या औषध मारू." मी नाही म्हटलं. फुलबाजारात सुलभा माळा ओवते, दोऱ्याचं टोक दातात धरून. गेल्या दसऱ्याला आमच्याच औषध मारलेल्या फुलांनी तिचे ओठ सुजले होते. हे अण्णांना कसं सांगू? म्हटलं, आंबट ताकाने जातो.
"कालेज सोडतानापण असाच ठाम होतास."
ताट सरकवून उठलो.

२३ सप्टें.
तह. घट बसेपर्यंत प्लॉट माझा. नाही जमलं तर औषध, आणि मी द्वारका चौकात मामाच्या स्पेअरपार्टच्या दुकानात. म्हणजे पहाटेचा बाजार बंद. म्हणजे सु. बंद.

२६ सप्टें.
रोगट पानं खुडून जाळली. ताक गाळून, पाणी घालून, पानांच्या खालून फवारलं. वाकून वाकून कंबर गेली. झेंडू द्यायला बाजारात गेलो तर सु. म्हणते, "काय रे, डेअरी टाकली का?" सांगणारच होतो, तेवढ्यात तिची आई आली.

२ ऑक्टो.
फोड थांबेनात. खायच्या सोड्यानेही जातो म्हणतात. डोकं फिरलं, दोन्ही एकाच पंपात ओतलं. फसफस करून फेस तोंडावर. आई हसत बांधावरच बसली. ताकाचा आंबटपणा गेला, सोडाही गेला. साठवलेलं सगळं ताक मातीत.

७ ऑक्टो.
आता सोडा वेगळा, ताक वेगळं, दिवसाआड. नवी पानं स्वच्छ. जुन्यांवर डाग तसेच. अण्णा जुनी बघतात, मी नवी.

९ ऑक्टो.
सु.ला सांगितलं एकदाचं. ओठांचंही. ती म्हणाली, "आडत्याकडे सगळ्यांची फुलं एकाच ढिगात पडतात. तुझी कुठली, मला काय कळणार?"
हे मला कसं सुचलं नाही...
म्हटलं, तुझी पाटी वेगळी आणतो.
"आणि लोकांना काय सांगू?"
नको म्हणाली नाही. हो पण नाही.

१० ऑक्टो.
घट बसले. संध्याकाळी जुन्या पानांवरचे डाग दाखवून अण्णांनी पंपात औषध कालवलं. मी म्हटलं, निदान चार ओळी सोडा. "कोणासाठी?" मी ओळी मोजत राहिलो. "नाव सांग, सोडतो." नाही सांगितलं. सांगितलं तर तिचा बाजार बंद करतील तिच्या घरचे.
अंधार पडला म्हणून राहिलं. पंप बांधावर आहे, भरलेला. पहाटे दोघांपैकी आधी कोण उठतं, बघू.