रिकाम्या टाकीचा मोर्चा

माणिकपूर, वसई
रविवार, १० मार्च २००२

प्रिय हंसा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुला वाटेल, ही बया दहा मिनिटांवर राहते आणि पोस्टाचं तिकीट कशाला लावते? तर ऐक. तोंडावर सांगायला दोनदा निघाले होते. एकदा तर तुझ्या फाटकापर्यंत आले आणि तुझा कुत्रा भुंकला म्हणून परत फिरले. म्हणजे निमित्त त्याचं. तो मेला मला अजून ओळखतो, शेपूट हलवत होता. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती कळल्यावर तू माझं तोंड तरी बघशील की नाही, याची मला खात्री नाही. म्हणून बाकीचं आधी लिहिते. पेपर तपासायला बसले की मी सोप्या पोराचा पेपर आधी काढते, तुला ठाऊकच आहे.

शाळेत ठीक चाललंय. आपले प्रल्हाद सर मे महिन्यात निवृत्त होतायत. परवा स्टाफरूममध्ये पेपर फडकावत आले. एक एप्रिलपासून म्हणे पेट्रोलचा भाव सरकार ठरवणारच नाही, तेल कंपन्या ठरवणार. सरांना इतका आनंद, जशी काही त्यांचीच कंपनी! आठवतं ना तुमचं रोजचं भांडण? सर म्हणायचे, तेल अरबांचं, हिशोब डॉलरचा, आपला मंत्री नुसता पोस्टमन, वाईट बातमी दारात आणून टाकणारा. आणि तू डबा अर्धा सोडून उठायचीस, की मग हा पोस्टमन निवडणुकीच्या आधी कुठे दडी मारून बसतो, आणि मतदान उरकलं की बरं त्याला टपाल वाटायचं सुचतं! सगळा स्टाफ हसायचा. या वेळी सरांनी बातमी वाचली आणि सवयीने तुझ्या खुर्चीकडे बघितलं. तिथे आता ज्ञानदा बसते, गणिताची नवी मुलगी, नालासोपाऱ्याहून येते. ती म्हणाली, सर, कोणीही ठरवला तरी भरायचा आपल्यालाच ना. झालं, वाद खलास. सर बिचारे पेपरची घडी करून बसले. मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटलं असावं, पण तू नसताना त्या वादात मला काडीचा रस नाही.

घरी येताना मला शहाण्णवचा जुलै आठवला. भाव एकदम वाढवला होता आणि तू टेबलावर हात आपटून म्हणालीस, मोर्चा काढायचा, मोपेडला पायडल दिलंय ते काय शोभेला? अकरा बायका जमवल्यास तू. आपल्या शाळेतल्या, बँकेतल्या, पोस्टातली फिलोमिना. माणिकपूर नाक्यापासून वसई गावातल्या तहसील कचेरीपर्यंत इंजिन बंद, पायडल मारत जायचं आणि साहेबांना निवेदन द्यायचं. आणि मी शहाणी! आदल्या संध्याकाळी नळी लावून टाकीतलं सगळं पेट्रोल बाटलीत काढून ठेवलं. टाकी भरलेली ठेवून पेट्रोलच्या नावाने ओरडायचं म्हणजे मला देवासमोर खोटं बोलल्यासारखं वाटलं. आई म्हणालीसुद्धा, बाय, थोडं तरी राहू दे. निवेदन दिलं, घोषणा झाल्या, पेपरवाल्याने फोटो काढला, आणि पाऊस आला तशा सगळ्याजणी इंजिन सुरू करून भुर्रकन पसार. मी एकटी कचेरीच्या फाटकात उभी. तू वळणापर्यंत गेली होतीस. मागे बघितलंस, परत आलीस, सगळं ऐकलंस आणि हसून हसून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग तू तुझं इंजिन बंद केलंस. तुझ्या टाकीत पेट्रोल होतं, घरी पाहुणे खोळंबले होते, तरी अख्खी वाट तू माझ्याबरोबर पायडल मारत आलीस. बाभोळ्याला थांबून तुझ्या पर्समधली सुकेळी अर्धी अर्धी खाल्ली. ती मोपेड पायडलवर चालवायची म्हणजे गोणी ओढायचं काम गं! दुसऱ्या दिवशी वर्गात मला खुर्चीवरून उठता येईना. पण इतका सुखाचा दिवस माझ्या वाट्याला पुन्हा आला नाही, हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

त्या फोटोवरूनच पक्षाने तुला हेरलं. वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला होता. तुझ्या पत्रकांचं शुद्धलेखन मी तपासलं, आणि नगरसेविका झालीस तेव्हा गळ्यातला पहिला हार काढून तू माझ्या गळ्यात घातलास. पहिलं वर्ष मोपेडवरच फिरलीस. मग शाळा सोडलीस, मग जीप आली. कामं वाढली असणार, मला का कळत नाही? पण सकाळी साडेसहाला ज्या वळणावर आपण एकमेकींची वाट बघायचो, तिथे मी त्यानंतरही वर्षभर थांबायचे. खोटं कशाला बोलू, दीड वर्ष. एकदा जीप माझ्या बाजूने गेली, काच वर होती, तू फोनवर बोलत होतीस. आणि नव्व्याण्णवमध्ये आई गेली. तिच्या पहिल्या आजारपणात तू तीन दिवस आमच्याकडे येऊन राहिली होतीस, तिची वेणी घालायचीस. मातीला मात्र चार कार्यकर्ते घेऊन आलीस. पुष्पचक्रावर तुझं नाव, खाली पद. दहा मिनिटं थांबलीस आणि जाताना मला हात जोडलेस. मला हात जोडलेस, हंसा.

दोन हजार साली पुन्हा भाव वाढला आणि या खेपेला दिल्लीत तुझा पक्ष होता. लोक चिडले, मला मात्र, हसू नकोस, आनंद झाला. वाटलं, चला, मोर्चाला निमित्त मिळालं! पेट्रोल काढायची बाटलीसुद्धा धुऊन ठेवली. तुझ्या कार्यालयात आले, बाकावर पाऊण तास बसले. आत बोलावलंस, चहा मागवलास आणि विचारलंस, बोल, काय काम काढलंस? मी मोर्चाचं नाव काढलं तशी तू दाराकडे बघितलंस, आवाज खाली आणलास आणि समजावलंस, की बर्था, हे आपल्या हातात नसतं गं, तेल बाहेरून येतं, डॉलर महागलाय, दिल्लीवाले तरी काय करणार. शब्दन् शब्द प्रल्हाद सरांचा! असेलही खरा. पण सरांच्या तोंडून इतकी वर्षं ऐकला तेव्हा तो मला कधी लागला नव्हता. चहा तसाच ठेवून उठले, तर मी दाराबाहेर पडायच्या आत पुढचा माणूस माझ्या खुर्चीत बसलासुद्धा.

आता गेल्या शनिवारचं. पंपावर रांगेत तू माझ्या पुढे होतीस. मी तोंडाला स्कार्फ गुंडाळला होता, तू ओळखलं नाहीस. जीप नव्हती, तीच जुनी निळी मोपेड, सीट फाटलेलं, बरोबर चिटपाखरू नाही. पंपावरच्या माणसाने तुला जरा सरकून घ्यायला सांगितलं आणि तू मुकाट्याने सरकलीस. आपल्या रिक्षावाल्या पास्कलने मात्र हाक मारली, विचारलं, बाई, असं कसं झालं हो? तू हसलीस आणि म्हणालीस, मला पेट्रोलने पाडलं रे पास्कल, भाव दिल्लीने वाढवला आणि फेडायला मी सापडले. मग तू टाकीचं झाकण लावायला लागलीस. ते बसेना. पूर्वीही तुझ्याच्याने बसायचं नाही, मीच लावून द्यायचे. तू दोन्ही हातांनी खटपट करत होतीस, मागचे लोक हॉर्न वाजवत होते, आणि मी चार हातांवर उभी राहून नुसती बघत होते. मग रांग सोडली आणि पेट्रोल न भरताच घरी आले.

तर आता अवघड पेपर. हंसा, तुला दिल्लीने पाडलं नाही. तू एकोणीस मतांनी पडलीस आणि आमच्या आळीत बावीस मतं आहेत. डिसेंबरात प्रचाराला तू सगळीकडे फिरलीस, आमच्याकडे आली नाहीस. बर्थाची आळी घरचीच आहे, तिथे वेळ घालवू नका, असं तू कार्यकर्त्यांना सांगितल्याचं माझ्या कानावर आलं. मग मी घरोघर गेले. प्रत्येक ओट्यावर बसून पेट्रोलवर बोलले, तुझंच शहाण्णवचं भाषण, जसंच्या तसं. रिचेलच्या आजीकडेसुद्धा, जिच्या घरात सायकल नाही! त्यांची पोरं माझ्या हाताखाली शिकली, त्यांनी ऐकलं. नगरसेविका पेट्रोलचा भाव ठरवत नाही हे मला, नागरिकशास्त्र शिकवणारीला, ठाऊक नव्हतं होय? पेट्रोल निव्वळ बहाणा होता. मला वाटलं, पडली की येईल माझ्याकडे. तीन महिने झाले, तू आली नाहीस, आणि मला कुठल्या तोंडाने येता येणार? उपवासकाळ चालू आहे म्हणून पापनिवेदनाला गेले तेव्हा हे सांगितलं. फादर म्हणाले, मत गुप्त असतं, त्यात पाप नाही. म्हटलं, फादर, मत गुप्त होतं, माझं तोंड नव्हतं. तेव्हा ते म्हणाले, मग जिचं नुकसान केलंस तिला सांग. पण त्यांनी सांगितलं म्हणून लिहीत नाहीये. मला तुझ्यावाचून करमत नाही, आणि तू स्वतःला फसवून पास्कलला भलतंच सांगत फिरतेस ते मला बघवत नाही, म्हणून लिहितेय. येत्या रविवारी आठची मिस्सा आटोपली की मी टाकी रिकामी करून, पायडल मारत तुझ्या फाटकाशी येईन. बेल वाजवणार नाही, कुत्रा सांगेलच. तू मोपेड घेऊन बाहेर ये. राग असेल, आणि तो असणारच, तर माझ्यासमोरून इंजिन सुरू करून निघून जा. मी मागून हाक मारणार नाही. पण जमलं तर, हंसा, इंजिन बंद ठेव.

तुला पाडणारी, तरीही तुझीच,
बर्था