ओलं शिसं

बाबा, तुला जाऊन सतरा वर्षं झाली. आज धरमतरच्या कोळ्यांकडून जाळ्याची जुनी शिशाची वजनं आली, गोणभर. रोह्याशेजारी वरसे गावात आता माझी काचकामाची शेड आहे. वजनं पत्र्यावर वाळत घातली.

पेणच्या पडवीत तू हीच वजनं वितळवून पट्ट्या ओतायचास, त्यांत लाल-निळ्या काचा बसवून बंगल्यांच्या खिडक्या करायचास. दोरी ओवायच्या भोकात खाडीचं पाणी राहतं, म्हणून वजन आधी शेगडीच्या काठावर तापवायचं, हे तूच शिकवलंस. "पानी आत रायलं तं कढई उरावर येल गो." आणि एवढं शिकवणारा तू त्याच काळ्या हातांनी भाकरी खायचास. हात धू म्हटलं की ताट भिंतीवर. पोटात कळा यायच्या, डावं मनगट लुळं पडलं, पण आईवर उठायचा तो उजवा हात धडधाकट. तिचे दोन दात पाडलेस. डॉक्टर म्हणाले, शिसं रक्तात गेलंय, त्यानं माणूस तापट होतो. आईला तेवढंच हवं होतं. "तो तसा नाय गो, शिसं करतंय," सुजल्या ओठांनी म्हणायची. मला तिचाही राग यायचा.

त्या दुपारी तू तिचं डोकं टेबलावरच्या काचांवर आपटलंस. निळा तुकडा तिच्या कपाळात घुसला. तू वळलास आणि काही झालंच नाही असा कढईवर वाकलास. मी बावीस वर्षांची, गोणीपाशी उभी. एक वजन उचललं आणि कढईत टाकलं. वितळलेलं शिसं फुटून तुझ्या तोंडावर आलं. डोळा गेला. गालाचं कातडं शिशासकट सोलावं लागलं, तेव्हा तू गुरासारखा ओरडत होतास.

दवाखान्यात विचारलं तेव्हा म्हणालास, "माज्याच हातून पडलं." मला एका शब्दानं विचारलं नाहीस. मरेपर्यंत आईवर हात उचलला नाहीस. आई म्हणायची, शिसं उतरलं.

हा कागद शेगडीत जाणार आहे, म्हणून लिहिते. तेव्हा माझंही रक्त तपासलं होतं, त्यात शिसं निघालं नाही. मी हात धुऊनच जेवायचे. ते वजन ओलं आहे हे मला माहीत होतं, बाबा. उचलतानाच हाताला गार लागलं होतं.