लगबगरावाची पाठ

२ जानेवारी

सुटला एकदाचा! काल तारीख बदलली आणि लगबगराव सगळ्या जगाचा झाला. म्हणजे पहिल्या पाच वर्षांतल्या चित्रपट्ट्यांमधला लगबगराव — लांब कोट, अकरा खिसे, कायम उशीर. एकेका वर्षाच्या अंकांवरचा कॉपीराइट दर जानेवारीत संपत जातो, काल पाचव्या वर्षाचा संपला, त्यामुळे सहाव्या वर्षी आलेल्या छत्रीला हात लावायचा नाही. वकिलांनी तीनदा बजावलं. पुढचे अंक ऑफिसात आणायचेसुद्धा नाहीत! गेममध्ये त्याला पळवायचं काम माझ्याकडे आलंय. माझ्याकडे!

९ जानेवारी

घोळ झाला. गेममध्ये लगबगराव पुढे पळणार आणि खेळणारा त्याला मागून बघणार. आणि पाच वर्षांत चित्रकाराने त्याची पाठ एकदाही काढलेली नाही! सगळ्या पट्ट्या पुन्हा चाळल्या. समोरून, बाजूने, खुंटीला उलटा लटकलेला — पाठ नाहीच. शेवटी मीच मनाने काढली. ऑफिसातल्या मॅडम बघून म्हणाल्या, "हे पोतं कुठे निघालंय?"

१० जानेवारी

तिसरं पोतं.

१३ जानेवारी

वैतागून चित्रं घरी आणली. बाबांनी चष्मा चढवला. चाळीस वर्षं लोकांचे कोट शिवलेत त्यांनी. हात थरथरायला लागल्यापासून दुकान बंद, मशीनवर चादर.

"पळताना पुढची बटणं ओढत नाहीत, बघ," म्हणाले. "म्हणजे मागे उभी घडी सोडलीय. ती फुगू नये म्हणून कमरेला अर्धा पट्टा. खाली चीर, आणि ती डावीकडे — डावा पाय लांब पडतो याचा." मग चित्रावर बोट टेकवून, "हा कोट कोणीतरी शिवलाय. मनाने काढलेला नाही."

मी हसले. म्हटलं, बाबा, कार्टून आहे ते!

"असेल. कोट खरा आहे."

१७ जानेवारी

बाबांनी जुन्या पडद्याचा कोट शिवला. टाके वाकडे गेले, दोनदा उसवले, पण मला सुईत दोरासुद्धा ओवू दिला नाही. मग तो मला घालायला लावला आणि गच्चीवर पळवलं. शेजारीण बघत होती. बघू दे! बाबांनी मोबाइलवर टिपलं — अर्ध्या व्हिडिओत त्यांचा अंगठा. उरलेल्या अर्ध्यात मला हवं ते सगळं आहे.

२४ जानेवारी

आज लगबगराव पळाला! पावलागणिक घडी उघडते, मिटते, पट्टा उडतो. सगळं ऑफिस उठून उभं राहिलं. मॅडमनी विचारलं, "कुणी सुचवलं हे?"

"आमच्या बाबांनी. शिंपी आहेत ते."

इतकी वर्षं हे सांगताना माझा आवाज खाली जायचा. लिहायलाही लाज वाटते. आज आवाज खाली नाही गेला.

२८ जानेवारी

वकिलांचा फोन. आठव्या वर्षाच्या एका अंकात चित्रकाराने पाठ काढलीय. एकदाच. तो अंक अजून मोकळा झालेला नाही. घडी, अर्धा पट्टा, डावीकडे चीर — हुबेहूब आमची! "खरं सांगा, तो अंक बघितलात ना?" नाही हो! पण माझ्यावर विश्वास कोण ठेवणार? पुढच्या अंकांचे हक्क चित्रकाराच्या मुलीकडे आहेत. तिने लेखी परवानगी दिली नाही तर आमची पाठ पुसायची आणि पुन्हा पोतं बसवायचं.

बाबांना सांगितलं. ते मिशीत हसले. "म्हणजे बरोबर निघालं माझं!"

२ फेब्रुवारी

बाबा आणि मी, दोघंही गेलो चित्रकाराच्या मुलीकडे. नव्वदीच्या घरातल्या आजीबाई, नजर करडी. मी हक्क, मुदत, कायदा असं काहीबाही बोलत सुटले. त्यांनी मधेच तोडलं, "चोरलं नाही कशावरून?"

बाबांनी पिशवीतून कोट काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. "पुढून असा आहे, तर मागून असाच असणार, बाई."

त्यांनी कोट उलटा केला आणि आतली शिवण बोटांनी चाचपत बसल्या. कितीतरी वेळ. मग एवढंच म्हणाल्या, "कळवते. कोट राहू दे इथे."

बाबा रस्ताभर रिकाम्या पिशवीची घडी घालत राहिले. मला रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर नको म्हणून आवरलं.

३ फेब्रुवारी

काही नाही.

९ फेब्रुवारी

पत्र आलं. परवानगी दिली! खाली त्यांच्या थरथरत्या अक्षरात — "चित्रातला तो कोट माझ्या आईने शिवला होता. शिवणकाम करायची ती. कोट घालून उभी राहायची आणि वडील बघून चित्र काढायचे. वडिलांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. तिचं कुठेही छापलं गेलं नाही. तुमच्या गेममध्ये शिवणाऱ्यांची नावं द्या — आधी तिचं, मग तुमच्या वडिलांचं. एवढीच अट."

बाबांनी पत्र माझ्या हातातून घेतलं. तिचं नाव मोठ्याने वाचलं, मग आपलं.

"सांगितलं होतं ना," म्हणाले. "कोणीतरी शिवलाय."