साबण्याचा निकाल

तीर्थस्वरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनीचा खोकला गेला का? इकडे आम्ही ठणठणीत. (ह्यांची कंबर दुखते, पण फक्त माल उतरवायच्या दिवशी.)

मागे तुला साबण्याबद्दल सांगितलं होतं. चाळिशीचा, अंगाने काडी माणूस. आमच्या दुकानातून अंगाचे साबण शर्टात कोंबून न्यायचे नि बाजारात विकायचे, हा त्याचा धंदा. दरवेळी पोलीस नेतात, कोर्ट त्याला आत टाकतं, आणि सुटला की पुन्हा आमच्याच दारात. (माहेरवाशीणसुद्धा इतक्या ओढीने येत नाही!)

परवा मी शिडीवर चढून वरच्या फळीवरचे डबे काढत होते. खाली साबण्या शर्ट फुगवून दाराकडे निघालेला दिसला. ओरडायला वळले, तर शिडीच घसरायला लागली. तो दारात पोचला होता रे, सहज निसटला असता. पण उलटा धावत आला नि दोन्ही हातांनी शिडी धरली. हात वर गेले, शर्ट सुटला, साबण धबाधबा खाली. मी सुखरूप उतरले आणि पहिलंच पाऊल साबणावर पडलं. दोघंही आडवे! नेमका तेव्हाच हवालदार ब्लेड घ्यायला आत आला. (पोलीस वेळेवर येत नाहीत, असं कोण म्हणतं?)

कोर्टात न्यायाधीशबाईंनी माझं म्हणणं विचारलं. चोरी केली हे सांगितलं, शिडी धरली हेही सांगितलं. मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. म्हटलं, "बाई, तुम्ही ह्याला आत टाकता, हा वाळून बाहेर येतो, काम कोणी देत नाही, मग परत माझेच साबण. शिक्षा नक्की कोणाला होतेय?"

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी साबण्याला विचारलं, "तुला काय काम येतं?"

तो खाली मान घालून म्हणाला, "इस्त्री. आतच शिकलो. बाहेर कोणी विचारलं नाही."

दादा, मग निकाल झाला: या खेपेला तुरुंग नाही, चांगल्या वागणुकीची हमी द्यायची, वर देखरेखीला एक अधिकारी. अट एकच, हाताला कायमचं काम हवं. आणि नवल म्हणजे तेही जागच्या जागी मिळालं! साबण्या रडला. मीही डोळे पुसले. (हवालदारानेही पुसले, पण तो सर्दी म्हणाला.)

वहिनीला नमस्कार, पोरांना गोड पापा. काही चुकलं असेल तर पदरात घे.

तुझीच,
धाकटी

ता. क. "काम कोण देणार?" असं बाईंनी विचारल्यावर कोर्टात शांतता पसरली. मला शांतता सोसत नाही, तुला ठाऊकच आहे. मी तुझ्या लाँड्रीचं नाव सांगून टाकलं. आता ते निकालात टाइप झालंय.

आणखी ता. क. हे पत्र पोस्टाने धाडलेलं नाही. ज्याने तुझ्या हातात दिलं, तोच तो. त्याला आधी बसायला सांग, चहा दे, आणि साबण्या म्हणू नकोस, नाव विचार. पाकीट मी चिकटवलेलं नाही. वाटेत त्याने सगळं वाचलं असणार, "काडी माणूस"सकट. तरीही तुझ्या दारात येऊन उभा राहिला असेल, तर दादा, ठेवून घे त्याला.