ढोरांच्या दवाखान्यात तुझा राघू

माय, तुझा राघू जिवंत आहे. हे आधी सांगतो, कारण तू पहिलं तेच विचारलं असतंस आणि मी रागाच्या भरात दुसरंच काही बोलत राहिलो असतो. राग अजून गेलेला नाही. पहाटे देवापुढे दिवा लावतो, हात जोडतो, डोळे मिटतो, आणि समोर देव उभा राहत नाही, त्या डाक्टराचे दात दिसतात. देवाचं नाव घ्यायला तोंड उघडावं तर जिभेवर शिवी येते. या वयात, गळ्यात माळ घालून, हे दुसऱ्या कोणाला सांगणार? म्हणून तुझ्यापुढे बसलो आहे.

मोताळ्याच्या बाजारातून तू त्याला पदराखाली झाकून आणलंस तो दिवस मला आठवतो. त्याच्या अंगावर धड पिसंही नव्हती. ओसरीत पिंजरा टांगलास आणि ज्वारीचं भिजवलेलं पीठ बोटाने भरवत बसलीस. मी तेव्हा नुकताच भजनात बसू लागलो होतो. मला वाटायचं, या पाखराने देवाचं नाव घ्यावं, येणाऱ्याजाणाऱ्याच्या कानावर ते पडावं. हातात हिरवी मिरची धरून मी रोज त्याच्यापुढे 'राम राम' घोकायचो. तो मिरची खायचा आणि मान तिरपी करून माझी कीव केल्यासारखा बघायचा. तू चुलीपुढे भाकरी थापता थापता हसायचीस. एकदा म्हणालीस, "देवाचं नाव तुले घ्यायचं हाय, तं तू घे. पाखराच्या मांगं काऊन लागून राह्यला?" मला ते फार लागलं. मग हा शिकणार तरी काय, असं मी चिडून विचारलं. तू तव्यावरची भाकरी उलथलीस आणि शांतपणे म्हणालीस, "त्याच्या जिवाले जे लागते ना, ते तो एका दमात शिकते."

तो शिकला ते तुझंच बोलणं. दारात पाऊल वाजलं की तू आतूनच विचारायचीस आणि उत्तराची वाट न बघता पुढचं बोलून टाकायचीस. "कोन हाय? बस बाप्पा, पानी पे." पाहुणा असो, बांगड्या घेऊन आलेला मनियार असो, बांधावरून भांडायला आलेली चुलती असो, आधी पाण्याचा तांब्या, मग काय ते भांडण. हे सगळं त्याने उचललं, तुझ्याच घोगऱ्या आवाजात, तुझा 'बाप्पा' लांबवण्याचा हेल घेऊन. माणसं फसायची. ओट्यावर बसून पाण्याची वाट बघत राहायची, आणि तू मळ्यात असायचीस. तुझ्या तेरवीला पंगत बसली होती. वाढणारे आले तसा ओसरीतून तुझा आवाज आला, बस बाप्पा, पानी पे, आणि सगळ्या पंगतीचे हात पानावर तसेच थांबले. मोठे मामा म्हणाले, सोडून दे त्याला, असं बरं नव्हे. मी सोडला नाही. तुझा फोटो आपल्याकडे नाही. तालुक्याच्या गावी फोटो काढणारा होता, पण त्या काळ्या कापडाखालच्या माणसापुढे तू कधी बसली नाहीस. तुझं म्हणून घरात बोलणारं एवढंच राहिलं होतं.

यंदा कापूस वेचायच्या दिवसांत तुझ्या सुनेने पिंजरा धुवायला त्याला बाहेर काढलं आणि शेजारच्या मांजरीने झडप घातली. सुनेने सूप फेकून मारलं म्हणून तो सुटला, पण डावा पंख लोंबत होता. त्या दिवसापासून दाणा नाही, बोलणं नाही. गावातले म्हणाले, तालुक्याला सरकारने ढोरांचा डाक्टर दिलेला आहे, घेऊन जा. मी गाडी जुंपली.

ती वाट अजून दिसते: पिंजरा मांडीवर घेऊन मी गाडीत बसलो आहे, त्यावर तुझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा टाकला आहे. गाडी आदळली की आतून बारीकसा आवाज येतो. तो आवाज थांबला की मी कापड वर करून बघतो. तालुक्याच्या गावात पोचेपर्यंत तोंडात देवाचं नाव होतं, खरं सांगतो. दवाखान्याच्या आवारात म्हशी बांधल्या होत्या. दारावर चपराशी बसला होता, आपल्याच भागातला. त्याने कापड उचलून पाहिलं आणि म्हणाला, "काय बुवा, याच्यात ढोर कोठी हाय?" पंख मोडला आहे, मी म्हणालो. "मंग? शिंगं फुटले काय त्याले? हा ढोरायचा दवाखाना हाय." म्हशी घेऊन आलेले लोक हसले. मीही थोडा हसलो, कारण काम करून घ्यायचं होतं.

मग डाक्टर बाहेर आला. जबलपूरकडून बदली होऊन आलेला, माझ्या थोरल्या मुलाच्या वयाचा. आपलं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडल्यापासून असेच साहेब येतात. त्यांना आपली बोली कळत नाही, आणि आपल्याला त्यांची निम्मी कळली तरी आपण मान हलवतो. त्याने पिंजऱ्यात डोकावलं. इतके दिवस मुका झालेला तुझा राघू त्या नव्या तोंडाकडे बघून, लोंबत्या पंखाने, बारीक आवाजात म्हणाला, "कोन हाय? बस बाप्पा, पानी पे."

डाक्टर खूश झाला. "वाह, फिर बोल," म्हणाला आणि हातातल्या छडीने पिंजऱ्याच्या तारा वाजवू लागला. मलम लावणाऱ्याला आतून बोलावलं, म्हशीवाले जवळ आले. राघू परत बोलला. घाबरला की तो तेच बोलतो, दुसरं त्याला येतच नाही. मी पंखाकडे बोट दाखवत राहिलो. तेवढ्यात साहेबाची नजर माझ्या बैलांकडे गेली. एकाचा खांदा आला होता, जुवाने घासून सुजला होता. साहेबाने स्वतः जाऊन तो नीट दाबून पाहिला, मलम लावायला सांगितलं आणि खांदा बरा होईपर्यंत गाडीला जुंपू नको म्हणून मलाच दटावलं. म्हणजे त्याला काम येत होतं, माय. हात हलका होता त्याचा. म्हणून तर राग जास्त येतो.

मी परत पिंजरा पुढे केला. तेव्हा चपराशी साहेबाचं बोलणं मला सांगू लागला. "साहेब म्हनतात, पाखराचं इथी काई होत नाई. हाटातून दुसरं पिल्लू घ्या. शिकवलं का बोलते." दुसरं पिल्लू. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "साहेब, हा आवाज माह्या मायचा हाय. माय राह्यली नाई आता." चपराशाने ते हिंदीत केलं. काय केलं ते मला समजलं. "साहब, ये बोलता है, ये तोता इसकी माँ है."

डाक्टराने माझ्याकडे पाहिलं, मग पिंजऱ्याकडे. छडी काखेत मारली, कमरेत वाकला आणि दोन्ही हात जोडून तुझ्या राघूला म्हणाला, "राम राम, माताजी." अख्खं आवार हसलं. तो स्वतः सर्वांत मोठ्याने हसला, गळ्यातल्या गळ्यात गुळण्या केल्यासारखा. आणि राघू त्याला म्हणाला, बस बाप्पा, पानी पे.

त्या क्षणी मला तुझाही राग आला. कोणाला पाणी विचारायचं आणि कोणाला नाही, हे तू त्याला शिकवलं नाहीस. मलाही नाही. मी पिंजऱ्यावर लुगडं टाकलं, नाइलाजाने बैल जुंपले आणि त्या बैलाचा खांदा दुखू नये म्हणून त्याच्या बाजूचं जू स्वतःच्या हाताने उचलून धरत, गाडीच्या बरोबरीने चालत घरी आलो. वाटेत एकदाही देवाचं नाव घेतलं नाही.

तुझ्या सुनेने हळद-तेल लावून, चिंधी बांधून पंख अंगाशी धरला. जमला तसा जमला, वाकडाच. तो खाऊ लागला, पण बोलेना. मी ओसरीतून जाता-येता पाऊल वाजवायचो, खोकायचो. काही नाही. मग एका संध्याकाळी वैरणीचा भारा घेऊन दारात आलो आणि आतून तुझा आवाज आला. "कोन हाय? बस बाप्पा, पानी पे." भारा डोक्यावर तसाच ठेवून मी उभा राहिलो. आणि श्वास घ्यायच्या आत, त्याच चोचीतून, त्या जबलपूरवाल्याच्या आवाजात आलं, "राम राम, माताजी," आणि मागोमाग त्याचं ते गुळण्यांचं हसू.

आता तो असंच बोलतो. तुझं बोलणं सुटं मिळत नाही, मागे ते लागूनच येतं. तुझी सून म्हणते, पिंजऱ्यावर कापड टाका, मला ते हसू ऐकवत नाही. मी वर्षं घालवली आणि त्याने देवाचं नाव माझ्याकडून घेतलं नाही. त्याच्या जिवाला जे लागलं तेच तो शिकला. तू सांगितलंच होतंस.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, कोणत्या गावाचा पत्ता घालू? देवाच्या कोनाड्यात, दिव्यामागे ठेवून देतो. फक्त एक तुला सांगून ठेवतो, सुनेला माहीत नाही. दिवसातून कधीतरी मी काही काम नसताना बाहेर जातो आणि पाऊल वाजवत परत येतो. तू पाणी विचारतेस. मग तो राम राम म्हणतो, आणि काल राग येण्याच्या आधी माझ्याही तोंडून राम राम निघून गेलं.