कातडं सांगतं पोटातलं

आये, तुला जाऊन चाळीस वर्षं झाली. मला अक्षर येत न्हाय, तुलाही येत नव्हतं, तेव्हा हे मी बोलते आणि माझी सून लिहून घेते. माझं बोलणं ती मधूनमधून शहाण्यासारखं सरळ करते. करू दे, दहावी झालीया.

तुझं तोंड आठवलं की अजून माझ्या जिभेवर कडू येतं. चाळिशीतच खारीक झाली होती तुझी. आणि आपल्या म्हशी! सरकीपेंड वेळच्या वेळी, अंगाला तेल, कातडं असं तुकतुकीत की बसलेली माशी घसरावी. दूध कट्ट्यावर तू धारा काढायचीस, तालमीतनं आलेले पैलवान उभ्याउभ्या फेसाळ दूध पिऊन मिशा पुसायचे, आणि घरी येऊन तू कोऱ्या चहात शिळी भाकरी बुडवायचीस. तुला कुणी मूठभर सरकी तरी घालायची होती! एकदा मी पातेल्यातली साय बोटानं चाटली, तर असं थोबाडलंस की दोन दिवस कान वाजत होता. "गिऱ्हाइकाच्या तुपाची हाय ती, भवाने!" पण म्हैस पारखावी ती तूच. बाजारात तिच्या मानेचं कातडं चिमटीत धरायचीस आणि सोडायचीस. झटकन बसलं तर ठीक. उभं राहिलं की सगळ्यांदेखत म्हणायचीस, "मालक चोर हाय. हिच्या पोटातलं खाल्लंया यानं."

गेल्या महिन्यात सकाळी स्वयंपाकघरात जाते, तर ही सून पातेल्यातली ताजी साय तोंडाला फासून बसलेली. त्यावर कुस्करलेली पपई, त्यावर बेसन. आंबूस वास, घोंगावणाऱ्या माशा, ओघळ मानेवरनं पदरात. मला मळमळलं. म्हटलं, "शी! खायचं ते थोबाडाला? तोंड हाय का उष्ट्याची बादली?" तर ही डोळे मिटूनच म्हणते कशी, "आत्ती, आत कधी पडली न्हाय, म्हणून वरनं लावते."

मग हिचं कोरडं पडलेलं तोंड दाखवायला राजारामपुरीत कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. मी मुद्दाम बरोबर, हिला कुणी फसवू नये म्हणून. बाहेर बाकड्यावर एक बाई कसल्यातरी पावडरीचा डबा दाखवत होती. म्हणे जेवण सोडून हीच प्यायची, कातडी तरुण राहते. मी नाक लावलं, ओल्या पोत्याचा वास! आत डॉक्टरीणबाईंनी काय करावं? हिच्या हाताचं कातडं चिमटीत धरलं आणि सोडलं. आये, ते उभंच राहिलं.

"सकाळी काय खाता?"

"चहा."

"दुपारी?"

"सगळ्यांचं झालं की उरेल ते."

"काय उरतं?"

हिनं माझ्याकडं बघितलं. मग डॉक्टरीणबाईही माझ्याकडं बघायला लागल्या. "क्रीम देते, आजी. पण नुसत्या क्रीमनं काय होणार? ऊन बाहेरून करपवतं ते वेगळं. ही आतून वाळतेय. हिच्या पोटात डाळ, अंडं, पालेभाजी, दूध जाऊ दे."

वीस वर्षं मी हिला ऐकवत आले, "माझी आय शेवटी जेवायची, तू कोण लागून गेलीस?" तुझं नाव पुढं करून चालवलं सगळं. तू उरलेलं खायचीस, कारण घरात नव्हतंच. माझ्या घरात काय कमी होतं? रविवारी मटण शिजायचं, फोडी पोरांना, नळी नातवाला, हिला नुसता रस्सा. साय माझ्या फडताळात, किल्ली माझ्या कनवटीला. त्या दिवशी मळमळलं ते सायीनं न्हाय. मालक चोर हाय, आये, आणि मालक मी.

ही लिहायची थांबली बघ. म्हटलं, "लिही की! म्हशीनं कशाला लाजायचं?" तेव्हा कुठं हसली.

हे कुठं धाडायचं? ट्रंकेत तुझं एक लुगडं हाय, त्याच्या घडीत ठेवीन. आता ही माझ्याच पंगतीला जेवते. काल दुधाचा पेला सगळ्यांदेखत मी तिच्यापुढं ठेवला, पोरगा बघतच राहिला. साय तेवढी मी आधीच बोटानं काढून खाल्ली होती. हिला ते आत्ता कळलं.