बाबा सत्तेचाळीस वेळा मेले, त्याबद्दल

कराड,
दि. १७ ऑक्टोबर १९९९

प्रिय कुणाल यास,
बुद्धभूषणचा सप्रेम जयभीम.

तुझी तब्येत ठीक असेल. पुण्याच्या मेसचं जेवण अजून पचतंय का, चष्म्याचा नंबर कुठवर गेला, ते कळव. काकूंना माझा जयभीम सांग. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे इथे काहीच खुशाल नाही आणि त्याला कारण तू आहेस.

घाबरू नकोस. (मी घाबरलोय तेवढं दोघांना पुरेल.) तू तयार केलेला 'बुरूज' हा खेळ मी माझ्या कॉम्प्युटर हॉलमधल्या चारही मशीनवर चढवला आणि तू सांगितलंस तसा फोनच्या तारेवरून सांगलीच्या हॉललाही जोडला. दोघांनी आपापला बुरूज राखायचा, समोरच्याला बाणाने टिपायचं, एवढा साधा खेळ. अगदी नवख्या माणसाला तो कसा वाटतो ते सविस्तर कळव, असं तू लिहिलं होतंस. तर तो नवखा माणूस म्हणजे आमचे बाबा.

तुला ठाऊक आहेच, बाबा मे महिन्यात रिटायर झाले. तेहतीस वर्षं कोयनेच्या पॉवरहाऊसमध्ये, त्यातली बरीचशी कंट्रोल रूममध्ये. जमीन हलली तरी आधी मीटरकडे आणि मग बायकापोरांकडे बघणारा माणूस. कॉलनीतलं क्वार्टर सोडून ते कराडला माझ्याकडे आले आणि त्यांना बघायला मीटरच उरला नाही. दिवसभर खिडकीत बसून गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरकडे बघायचे. जेवायला हाक मारली की व्होल्टेज पडलंय म्हणायचे. (पडलेलं असायचंही, पण भाकरीला व्होल्टेज कशाला लागतं?) मला काळजी लागून राहिली. म्हणून हॉलचं अर्थिंग तपासायला म्हणून त्यांना घेऊन गेलो. अर्थिंग दोन मिनिटांत तपासून झालं आणि बाबा तुझ्या खेळापुढे जे बसले ते उठेनात.

आता तुझ्याबद्दल. तू नवख्यांसाठी सराव ठेवलायस. त्यात खोक्यांवरून उड्या मारायच्या. बाबांनी दहा मिनिटं इमानदारीत उड्या मारल्या. 'शाबास, तुम्ही आता तयार आहात' असं पडद्यावर आलं. कशाला तयार? खऱ्या खेळात खोकं एकही नाही! समोर होता सांगलीचा पप्पू, जो दोन महिने झोप आणि जेवण सोडून या खेळाशिवाय दुसरं काही करत नाही. बाबा बुरुजासमोर उघड्यावर उभे राहून, शिकवल्याप्रमाणे, उड्या मारत राहिले. अकराव्या सेकंदाला मेले. अरे, जत्रेच्या कुस्तीतसुद्धा पंच दोघांना शेजारी उभं करून जोड बघतात. तुझ्या खेळात जोड कोण बघतो? पहिल्या दिवशीच्या माणसापुढे तू सरळ पप्पू सोडतोस.

आणि मेल्यावर काय, तर एक कवटी येते आणि हसते. बाबांनी ती शेवटपर्यंत पाहिली आणि मला विचारलं, “भूषण, आरं मी मेलो कशानं?” मी कवटीकडे बोट दाखवलं. कवटी तर सांगतच नव्हती. तिथून माझे हाल सुरू झाले. पॉवरहाऊसचा नियम असा, की मशीन ट्रिप होऊन बंद पडलं की आधी कारण शोधायचं, ते वहीत लिहायचं, मगच पुन्हा चालू करायचं. बाबांनी दुकानातून दोनशे पानी वही आणली. प्रत्येक मरणाची वेळ, ठिकाण आणि कारण. कारण सापडेपर्यंत पुढचा डाव सुरू करायचा नाही, आणि एकेका कारणाला वीस-वीस मिनिटं. पप्पू तिकडे तारेवर ताटकळतोय, इकडे मागे गिऱ्हाईक उभं, आणि बाबा शांतपणे पेन्सिलीने बुरुजाचा नकाशा काढतायत. आठ दिवसांत सत्तेचाळीस नोंदी झाल्या. म्हणजे रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन यायचे आणि सहा वेळा मरून घरी जायचे.

तुला हसू येत असेल. मला येत नव्हतं. आपल्या बापाला मरताना बघणं, मग ते पडद्यावर का असेना, मला सोसेना. रात्री माझा घास उतरायचा नाही. बाबा मात्र दोन भाकऱ्या खायचे. (वरवर खात असणार. आतून खचलेच असणार.)

नवव्या दिवशी बाबा जिंकले. मी पेढे आणले. बाबांनी पेढा हातात घेतला, पडद्याकडे बराच वेळ पाहिलं, वही मिटली आणि घरी गेले. त्याला आज सहा दिवस झाले. पुन्हा खिडकी, पुन्हा ट्रान्सफॉर्मर. अर्धीच भाकरी खातात. काल त्यांनी पेटी उघडून बघितली. कोयनानगरला परत जायचं मनात आहे की काय, कोण जाणे. तिथे आता त्यांचं क्वार्टर नाही, कुणी नाही. जिंकल्यावरसुद्धा माणूस खेळायला येत नाही, म्हणजे सत्तेचाळीस मरणांनी त्याची उमेदच गेली. दुसरं काय? तेव्हा हात जोडून सांगतो, खेळ सोपा कर. खोकी काढ, जोड बघून खेळाडू लाव आणि त्या कवटीचं हसणं बंद कर.

तुझा,
बुद्धभूषण

ता. क. : खरी गोष्ट तुझ्यामाझ्यात ठेव. बाबा आपोआप जिंकले नाहीत. मी आदल्या दिवशी पप्पूला फोन करून गयावया केली. तो म्हणाला, “आवं, काय काळजी करू नगा. तालमीत वस्ताद नव्या पोराकडनं मुद्दाम पाठ लावून घेतोच की!” आणि दुसऱ्या दिवशी पाठ करून उभा राहिला. तर माझी मुख्य विनंती ही, की पहिले पाच-सहा डाव नवख्याला गुपचूप जिंकू देण्याची सोय खेळातच करून टाक. म्हणजे मुलाला सांगलीला फोन करावा लागणार नाही आणि बापाला कधी कळणार नाही.

ता. क. २ : पत्र बाबांकडेच देतो आहे. निदान पोस्टापर्यंत तरी बाहेर पडतील.

चि. कुणाल यास केरबाचे अनेक आशीर्वाद. सील करायच्या आधी तपासायची जुनी सवय, म्हणून पाकीट चिकटवताना कागद वाचला. खेळ सोपा करू नको. मेल्याचं मला काय वाटत न्हाई. पहिल्या दिवशी अकरा सेकंद टिकलो, आठव्या दिवशी चार मिन्टं. भूषणनं ते बघितलं न्हाई, त्यानं नुसती मढी मोजली. कवटी हसंना का, पण तिच्याखाली एक ओळ लिही : बाण कुठनं आला आनि आपुन कुठं चुकलो. सत्तेचाळीस कारणं मला माझी हुडकावी लागली, नव्या माणसाला एवढा दम निघायचा न्हाई. अठ्ठेचाळिसावी नोंद तेवढी अडकली होती. तो पप्पू पाठ करून उभा का ऱ्हायला, काय केल्या कळंना. म्हणून सहा दिवस मशीन बंद ठेवलं. पेटी उघडली ती जुनी लॉगबुकं बघायला, असं कधी झालं होतं का म्हणून. आज उलगडा झाला.

नोंद क्र. ४८. निकाल : जिंकलो. कारण : मुलगा.

उद्या सकाळी धा वाजता मशीन चालू करतोय. पप्पूला तोंड इकडं करून उभं ऱ्हायला सांगितलंय.